कागद दाखवा, मग बोला

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

साताऱ्याला गेलो की माझी एक फेरी जुन्या राजवाड्याकडे होतेच. या वाड्यातल्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी एका मुलाचे नाव दाखल झाले. भिवा रामजी आंबेडकर. रजिस्टरातली ती एक ओळ; पण ती आहे म्हणून बाबासाहेब साताऱ्यात शिकले की नाही, कधी शिकले, यावर कुणी वाद घालत नाही. महाराष्ट्र सरकारने २०१७ पासून हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळायला सुरुवात केली, तीही त्याच ओळीच्या आधाराने. कागद समोर असला की आवाज आपोआप खाली येतो.

मात्र या शाळेला पुढे ज्यांचे नाव मिळाले, त्या प्रतापसिंह महाराजांची गोष्ट उलटी आहे. त्यांचे राज्य गेले ते कागदांमुळे, आणि ते कागद त्यांना दाखवलेच गेले नाहीत.

प्रतापसिंह १८०८ साली गादीवर आले. तेव्हा सत्ता पेशव्यांकडे होती, साताऱ्याकडे मान होता. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि इंग्रजांनी महाराजांना साताऱ्याचे राज्य दिले. १८१९ मध्ये तह झाला. पहिला रेसिडेंट ग्रँट डफ, मराठ्यांचा इतिहास लिहिणारा तोच. महाराजांनी कारभार हाती घेतल्यावर रस्ते केले, शाळा काढल्या, छापखाना घातला. स्वतः रोजनिशी लिहीत. महाबळेश्वरची हवा इंग्रजांना हवी होती, तर १८२९ मध्ये त्याचाही करार झाला. १८३५ मध्ये कंपनीच्या लंडनमधील संचालकांनी या राजाची तोंड भरून स्तुती केली आणि त्याच्यासाठी एक तलवार पाठवली. ती तलवार महाराजांच्या कमरेला कधी लागली नाही. मुंबई सरकारने ती अडकवून ठेवली.

कारण तोवर मामला बिघडला होता. भांडण होते जहागिरींवरून. अक्कलकोट, फलटण, आजच्या सांगली जिल्ह्यातले जत अशा जहागिरींवर राजाचा अधिकार किती, कंपनीचा किती? तहाचा कागद महाराज पुढे करत होते. लंडनच्या संचालकांचे मतही राजाच्या बाजूने पडले होते. पण मुंबई सरकारने ते राजापर्यंत पोचू दिले नाही. म्हणजे ज्याच्या बाजूने निकाल, त्यालाच निकालाची खबर नाही!

कागद दडवण्याची ही एक तऱ्हा झाली. दुसरी तऱ्हा लगेचच आली.

१८३६ मध्ये आरोप झाला की, महाराजांनी २३व्या पलटणीतल्या देशी सुभेदारांना फितवायचा प्रयत्न केला. गुप्त चौकशीसाठी तिघा इंग्रज अधिकाऱ्यांचे कमिशन बसले. पुढे आरोप वाढत गेले. गोव्याच्या पोर्तुगीज गव्हर्नराशी संधान. नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी पत्रव्यवहार. पुरावा काय? कुणाकुणाच्या जबान्या, काही चिठ्ठ्या, काही शिक्के. गोवा प्रकरणातले कागद तर रेसिडेंट ओव्हान्स यांनी पैसे मोजून एका माणसाकडून मिळवले होते. महाराजांचे दिवाण गोविंदराव यांना अटक होऊन ते अहमदनगरच्या तुरुंगात गेले. मग त्यांच्या आईच्या, गिरजाबाईंच्या नावाने एक अर्ज आला. मुलाला सोडा, कारस्थान राजाचेच आहे, असा त्या अर्जाचा रोख. हा अर्ज त्या माउलीचा नव्हताच. तो कृष्णाजी सदाशिव भिडे नावाच्या माणसाने रचला होता, हे नंतर उघडकीस आले. पण उघडकीस येईपर्यंत त्या अर्जाचे काम होऊन गेले होते.

आता महाराजांच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. तुमच्याविरुद्ध एक गठ्ठा तयार होतो आहे. त्यात काय आहे, कुणी दिले, खरे किती, बनावट किती, हे तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही नकला मागता. नकला मिळत नाहीत. तुम्ही उघड चौकशी मागता. ती होत नाही. बाजारात मात्र सगळ्यांना सगळे माहीत असते. गुप्त गोष्टीची हीच गंमत आहे, ती फक्त ज्याच्याबद्दल असते त्याच्यापासून गुप्त राहते.

ऑगस्ट १८३९ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स कारनॅक स्वतः साताऱ्याला आले. त्यांनी महाराजांपुढे एक मसुदा ठेवला. चूक कबूल करून सही करा, गादी राहील. एक सही! त्या काळच्या कितीतरी संस्थानिकांनी याहून वाईट कागदांवर सह्या केल्या होत्या. प्रतापसिंहांनी नकार दिला. जे केले नाही ते केले असे लिहून देणार नाही, चौकशी करा, एवढेच त्यांचे म्हणणे. ५ सप्टेंबर १८३९ रोजी त्यांना पदच्युत करण्यात आले. धाकटे भाऊ आप्पासाहेब गादीवर बसले आणि महाराजांची रवानगी काशीला झाली.

इथून पुढची गोष्ट माझ्या मते मराठी माणसाने नुसत्या शौर्याच्या नव्हे, चिकाटीच्या गोष्टींत घालायला हवी. महाराजांचे वकील लंडनला गेले. त्यांत मीर अफझल अली होते, यशवंतराव शिर्के होते, भगवंतराव विठ्ठल होते. आणि सर्वांत शेवटपर्यंत टिकले ते रंगो बापूजी गुप्ते. सातारा परिसरातला हा माणूस जवळजवळ तेरा-चौदा वर्षे लंडनच्या थंडीत राहिला. पैसे संपले, कर्ज झाले. रोज काय करत असेल? पत्रे लिहिणे, पत्रके छापून वाटणे, कंपनीच्या भागधारकांच्या दारात उभे राहणे. मागणी काय? राज्य परत द्या, ही तर होतीच. पण तिच्या आधीची मागणी अशी, की ज्या कागदांवर राजाला दोषी ठरवले ते कागद बाहेर काढा.

कंपनीच्या भागधारकांच्या सभेत या प्रश्नावर वर्षानुवर्षे वाद झडले. जोसेफ ह्यूम आणि जॉर्ज थॉम्प्सन बोलले. साताऱ्यालाच पूर्वी रेसिडेंट असलेले जनरल रॉबर्टसन आणि जनरल ब्रिग्ज राजाची बाजू घेऊन उभे राहिले. या रेट्यामुळे सातारा प्रकरणाचे कागद छापावे लागले. पार्लमेंटसाठीही त्यांची जाडजूड बाडे निघाली. कागद छापून आले आणि मग त्यातली भगदाडे दिसू लागली. एका जबानीत एक, दुसरीत दुसरेच; अर्ज आईचा नाही; कागद विकत घेतलेले. इंग्लंडमधल्याच लोकांनी ते वाचून विचारले की, एवढ्यावर एक राज्य बुडवलेत?

निकाल मात्र बदलला नाही. १४ ऑक्टोबर १८४७ रोजी प्रतापसिंह काशीत वारले. पुढच्याच वर्षी आप्पासाहेबही गेले आणि लॉर्ड डलहौसीने सातारा खालसा केले. रंगो बापूजी १८५३ च्या सुमारास परतले. १८५७ च्या उठावात त्यांचे नाव आले, त्यांचा मुलगा सीताराम फासावर गेला; रंगो बापूजी इंग्रजांच्या हाती लागले नाहीत ते नाहीतच.

मग त्या तेरा-चौदा वर्षांचा उपयोग काय झाला, असे कुणी विचारील. उपयोग हा की, आज आपण हे सारे बोलू शकतो. कागद छापले गेले नसते तर इतिहासात एकच वाक्य उरले असते, ‘साताऱ्याचा राजा कट करताना सापडला.’ पुढे बामनदास बसूंनी इंग्रजीत आणि प्रबोधनकार ठाकऱ्यांनी मराठीत या अन्यायाचा पाढा वाचला, तो याच छापील बाडांच्या बळावर. रंगो बापूजींना राज्य परत मिळवता आले नाही. पण राजाची अब्रू त्यांनी वाचवली.

आपल्या या दोन जिल्ह्यांत कागद मागण्याची परंपरा जुनी आहे. मिरजेच्या शाळेत शिकवणाऱ्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांच्या दफ्तरात वर्षानुवर्षे मान घालून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ काढला. वाईला जुन्या कागदांचे घबाड राजवाड्यांच्या हाती लागले. पुण्याचे पेशवे दफ्तर मात्र सरकारच्या कुलपात होते आणि अभ्यासकांना तिथे सहजासहजी शिरकाव नव्हता. गोविंदराव सरदेसायांनी निवडलेले ४५ खंड १९३० नंतर बाहेर पडले, तेव्हा कुठे दार किलकिले झाले. पण या साऱ्यांत एक गोष्ट सारखी होती. कागद मिळायचा तो कुणाच्या तरी मेहेरबानीने. मागणारा हात जोडून उभा.

हात जोडण्याऐवजी अर्ज करण्याची सोय फार उशिरा झाली. राजस्थानात मजुरांनी मजुरीची हजेरीपुस्तके मागितली आणि तिथून चळवळ उभी राहिली. महाराष्ट्रात अण्णा हजाऱ्यांच्या उपोषणांनंतर राज्याचा कायदा आला. १२ ऑक्टोबर २००५ पासून देशभराचा माहितीचा अधिकार कायदा लागू झाला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, काय हवे ते लिहायचे. का हवे, हे सांगायचे बंधन नाही. तीस दिवसांत उत्तर. नाही दिले तर अपील. नुसती नक्कल नव्हे, प्रमाणित प्रत मागता येते आणि कचेरीत बसून मूळ फाइल पाहताही येते. एखाद्या निर्णयाचा ज्याला फटका बसतो, त्याला त्या निर्णयाची कारणे सांगितली पाहिजेत, असेही या कायद्याचे चौथे कलम म्हणते. हे कलम वाचताना मला दर वेळी काशीला निघालेल्या महाराजांची आठवण येते. त्यांची सारी मागणी त्या दोन ओळींत मावते.

या कायद्याचा एक उपयोग आपण फारसा लक्षात घेत नाही. तो फुटलेल्या कागदाच्या बाबतीतला. गोपनीय कागद फुटला की दोन तट पडतात. एक म्हणतो, बघा, पुरावा! दुसरा म्हणतो, बनावट आहे, चोरीचा आहे. २०१९ मध्ये राफेल विमानांच्या प्रकरणात हेच झाले. संरक्षण खात्यातल्या टिपण्या वृत्तपत्रात आल्या आणि सर्वोच्च न्यायालयात पोचल्या. सरकारतर्फे सांगण्यात आले की, हे कागद चोरीचे आहेत. मग खुलासा आला की, मूळ जागेवरच आहेत, नकला काढल्या गेल्या. यात एक मौज झाली. चोरीचे म्हणताना ते खरे आहेत हेही कबूल होऊन गेले. १० एप्रिल २०१९ रोजी न्यायालयाने सरकारचा आक्षेप फेटाळला आणि ते कागद विचारात घेता येतील असे सांगितले. त्यात माहितीच्या अधिकाराचाही हवाला होता, कारण लोकहित मोठे असेल तर गोपनीय कागदही खुला करता येतो, असे तो कायदा म्हणतो. पुढे नोव्हेंबरमध्ये मूळ फेरविचार याचिका मात्र फेटाळल्या गेल्या. म्हणजे कागद खरा असणे ही एक गोष्ट आणि त्यातून काय सिद्ध होते ही निराळी गोष्ट.

हा फरक मला दिल्लीच्या बातमीतून कळला नाही. तो आमच्या गावाने मला शिकवला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले होते. कृष्णाकाठच्या आमच्या गावात चावडीपर्यंत पाणी. ते ओसरल्यावर चिखल काढला, पंचनामे झाले, मदतीच्या याद्या सुरू झाल्या. आणि एके सकाळी गावात एका कागदाची झेरॉक्स फिरू लागली. चाळीसेक नावे, पुढे शेरा, ‘तक्रारीवरून’. कुणीतरी वर पेनाने लिहिले होते, ‘अपात्र यादी’. झाले! या चाळीस घरांच्या मदतीवर बोळा फिरवायला तक्रार केली कुणी?

संशय गेला तात्यांवर. सत्तरीचे, निवृत्त, लिहिण्यावाचण्यातले आणि कचेरीत ऊठबस असणारे. माझे शेजारी. ईदला त्यांच्या घरी शिरखुर्मा पहिला जायचा आणि दिवाळीला त्यांचा फराळ आमच्या दारात. त्या यादीत आमच्या गल्लीतली पाच घरे होती, त्यांत माझ्या थोरल्या भावाचेही. चहाच्या टपरीवर तात्या आले की माणसे उठून जाऊ लागली. एकाने तर त्यांच्या तोंडावर विचारले. तात्या एवढेच म्हणाले, “मी नाही केली.” ते कुणी ऐकून घेतले नाही.

मी लिहिता-वाचता माणूस म्हणून अर्ज लिहायचे काम माझ्याकडे आले. त्या यादीची प्रमाणित प्रत आणि ‘तक्रारीवरून’ या शेऱ्यामागचे सर्व अर्ज द्यावेत, असे मी लिहिले. महिन्याने उत्तर आले, ‘सदर यादी कार्यालयीन अभिलेखात आढळून येत नाही.’ गावात लगेच दोन तट. एक म्हणे, यादीच खोटी. दुसरा म्हणे, गायब केली. मी प्रथम अपील केले आणि या वेळी नक्कल नव्हे, पूर्ण फाइल पाहायला मागितली. अखेर एका दुपारी त्या कचेरीतल्या लाकडी टेबलावर फाइल समोर आली.

यादी होती. खरी होती. फक्त ती तीन पानांच्या कागदाचे दुसरे पान होती. जावक क्रमांक नव्हता, कारण तो कच्चा मसुदा होता. पहिल्या पानावर मथळा होता, ‘फेरतपासणीसाठी प्राप्त प्रकरणे’. म्हणजे आपली नावे पंचनाम्यात नीट आली नाहीत, असे ज्यांनी स्वतःच कळवले होते, त्यांची ती यादी. ‘तक्रारीवरून’ म्हणजे त्यांच्याच तक्रारीवरून! मागे त्यांचे अर्ज लावलेले होते. माझ्या भावाचाही होता, अंगठ्याच्या ठशासकट. आणि त्यातले निम्मे अर्ज ज्या अक्षरात होते, ते अक्षर मी ओळखले. तात्यांचे. पोरांनी येऊन सांगायचे आणि म्हाताऱ्याने ओट्यावर बसून लिहून द्यायचे, असे चालले असणार. भावाला विचारले तर तो म्हणाला, “पुरात कितीतरी कागदांवर अंगठे उठवले, त्यातला कुठला कशाचा, कुणाला ठाऊक!”

मी प्रती घेतल्या, गावात वाचून दाखवल्या. लोक गप्प झाले, काहींनी तात्यांची माफीही मागितली. मग मी एकटाच त्यांच्याकडे गेलो आणि प्रमाणित प्रतींचा गठ्ठा पुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून पहिले पान वाचले, नीट घडी घातली आणि म्हणाले, “हे बरं केलंस. पण कचेरीत मागायच्या आधी एकदा मला विचारलं असतंस तर?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. कारण खरे सांगायचे तर तो संशय माझ्याही मनात होता. मी अर्ज सत्यासाठी केला असे गावाला वाटले. थोडासा तो तात्यांना पकडण्यासाठीही होता.

म्हणून आज दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. फुटका कागद हाती आला तर तो फेकू नका, पण त्यावर लगेच निवाडाही करू नका. पहिले पान कुठे आहे ते विचारा. जावक क्रमांक पाहा, मागचे अर्ज पाहा, शेरा कुणी आणि कशावरून मारला ते मागा. त्यासाठी कायदा आहे, तो वापरा आणि जपा. २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात माहितीच्या अधिकारातले व्यक्तिगत माहितीचे कलम बदलण्याची तरतूद आली. नावांच्या याद्या मागणाऱ्या माझ्यासारख्यांची वाट तिने अरुंद होईल, अशी भीती अनेक कार्यकर्त्यांनी बोलून दाखवली आहे. ती मलाही वाटते.

आणि दुसरी गोष्ट कायद्यात नाही. ज्याच्याबद्दल कागद आहे, त्याला आधी विचारा. कारनॅक साहेबांनी साताऱ्यात मसुदा पुढे केला, सही मागितली. पण त्या राजाचे म्हणणे उघड्यावर ऐकून घेतले नाही. आमच्या गावात आम्ही तेच केले, फक्त आमच्याकडे गव्हर्नर नव्हता.

तात्या आता पुन्हा टपरीवर येतात. शिरखुर्मा अजूनही पहिला त्यांच्याकडेच जातो. आता तो पोरांच्या हाती धाडत नाही, मी स्वतः घेऊन जातो.